देवघरातला प्रोसेसर

आमच्या घरातला पहिला कॉम्प्युटर सुरू व्हायच्या आधी त्याचा प्रोसेसर जवळपास वर्षभर देवघरात बसून होता. खंडोबाचा टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि त्यांच्या शेजारी हळदकुंकवाची बोटं ओढलेला तो पुठ्ठ्याचा खोका. रोज सकाळी देवांना फुलं वाहताना आई एक झेंडू त्याच्यावरही ठेवायची. आलेगेले विचारायचे, हे काय? आई सांगायची, "कांप्युटरचं इंजिन हाय." मी आतल्या खोलीत दातओठ खात ऐकायचे.

आम्ही फुलवाले. नाशिकच्या बाहेर मखमलाबादच्या अंगाला आमचा मळा. झेंडू, शेवंती, बांधाच्या कडेनं थोडा गुलाब. अंधारात फुलं तोडायची, प्लास्टिकची कॅरेटं भरायची आणि उजाडायच्या आत गोदाकाठच्या फूलबाजारात पोचवायची. ज्यांच्या मळ्यात फुलं पिकतात त्यांच्या घरी सण शिळाच येतो. दसऱ्याला सगळ्या शहराच्या दारावर आमची तोरणं झुलत असायची आणि आमच्या दाराला संध्याकाळी उरलेल्या, दबलेल्या फुलांचं काहीतरी बांधलं जायचं. पण पैसा यायचा तो सणालाच. एरवी झेंडू मातीमोल.

माझा भाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणते. बारावीत गटांगळी खाल्ल्यावर तो कॉलेजकडे पुन्हा फिरकला नाही, पण गाडी हातात दिली की त्याच्यासारखा तोच. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, फुलांच्या वाहतुकीसाठी एक जुना टेम्पो घेतला होता. तो त्यांनी पितृपक्षात घेतला. पितरांच्या पंधरवड्यात कुणी नवी वस्तू घेत नाही, म्हणून विकणाऱ्यानं भाव पाडला, आणि अण्णांना भाव पडलेला दिसला की पंचांग दिसत नसे. आई तेव्हा नको नको म्हणत होती. तिनं टेम्पोला ओवाळलं ते तोंड पाडूनच.

टेम्पो दादाच चालवायचा. मळा ते फूलबाजार हा रस्ता त्याला तळहातासारखा पाठ होता. म्हणूनच असेल, त्याच्या डोळ्यांचं काही बिघडलंय हे कितीतरी दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, त्याच्याही नाही. मग एका पहाटे दूधवाल्याची सायकल त्याला दिसली नाही. सायकल समोर नव्हती, कडेला होती. दूधवाला नुसता खरचटला, पण कॅन उलटून सगळा रस्ता पांढरा झाला. दादा घरी येऊन ओट्यावर बसला आणि म्हणाला, "तो तिथं नव्हताच. खरं सांगतो, तिथं कुणीच नव्हतं."

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळ्याचा पडदा कडेकडून सुकत चाललाय. आधी अंधारातलं दिसणं जातं, मग कडेचं, शेवटी मधलं. औषध नाही. किती दिवस, म्हणून अण्णांनी विचारलं. वर्ष म्हणा, दोन वर्षं म्हणा, कुणाचं जास्तही टिकतं, नक्की सांगता येत नाही. आणि मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. हा आजार आईच्या घराण्यातून येतो. तो बायकांच्या रक्तातून पुढे जातो, बायकांना स्वतःला मात्र होत नाही, त्यांच्या मुलग्यांना होतो.

मला लगेच माझे मामा आठवले. दिंडोरीकडे राहायचे. दिवेलागणीनंतर ते अंगणातसुद्धा उतरायचे नाहीत. सगळे त्यांना भित्रा म्हणून हसायचे, आम्ही पोरंही हसायचो. मी आईकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे बघत होती. घरी परतताना रिक्षात ती म्हणाली, "टेम्पो पितृपक्षात घेतला. मी तवाच म्हटलं व्हतं."

त्या दिवसापासून आमच्या घरात कायदा झाला. साडेतीन मुहूर्तांशिवाय एकही वस्तू उंबऱ्याच्या आत येणार नाही. गुढीपाडवा, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, दसरा, आणि अर्धा मुहूर्त दिवाळीच्या पाडव्याचा. कुकर बिघडला तरी दिवाळीपर्यंत पातेल्यात भात. मला आईचा फार राग यायचा. मी पॉलिटेक्निकला डिप्लोमा करत होते, सगळं जग आपल्यालाच कळतं असं वाटायचं वय. डॉक्टर समोर बसून रक्ताचं सांगतोय आणि ही टेम्पोचं घेऊन बसलीय, या अडाणीपणाला काय म्हणायचं! अण्णा मात्र एका शब्दानं बोलले नाहीत. टेम्पो त्यांनीच घेतला होता ना.

टेम्पोची किल्ली दादाकडून गेली. गावातला एक ड्रायव्हर ठेवला. पहाटे टेम्पो सुरू झाला की दादा बाजेवर उठून बसायचा आणि आवाज ऐकायचा. "दुसरा गिअर लय ओढतोय हा माणूस," म्हणायचा. एवढंच.

त्याला थोडं बाहेर काढावं म्हणून मी त्याला कॉलेज रोडच्या एका सायबर कॅफेत नेलं. तिथं पोरं गाड्यांचे खेळ खेळायची. दादा पहिल्यांदा नुसता बघत उभा राहिला, मग बसला. भर उन्हातला घाटरस्ता, एका बाजूला समुद्र, लाल गाडी. अर्ध्या तासात बाकीची पोरं आपापले खेळ सोडून त्याच्या खुर्चीमागे जमली. मला म्हणाला, "इथं सगळं समोरच हाय. कडेनं कुणी येतच नाय." कितीतरी महिन्यांनी मी त्याला तसं हसताना पाहिलं. मला तिथंच रडू आलं आणि मी ते पंख्याच्या धुळीवर ढकललं.

पण कॅफेत रोज कोण नेणार? संध्याकाळ पडायच्या आत घरी परतावं लागायचं, नाहीतर दादा माझा दंड धरून पायाखालची जमीन चाचपत चालायचा आणि रस्त्यावरची माणसं त्याला प्यायलेला समजायची. त्यातच एक नवा खेळ आला. त्यात आपली गाडी आपल्या हातानं बनवता यायची. इंजिन बदला, चाकं बदला, रंग द्या, दिवे लावा, मग शहरात पळवा. कॅफेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर तो चालत नव्हता. दादानं त्याचं चित्र एका मासिकात पाहिलं आणि मग दुसरं काही सुचेना. "डोळे हायेत तवर एकदा ती गाडी बनवून चालवायची," तो म्हणाला. असं त्यानं फक्त माझ्यापाशी म्हटलं, पण रात्री जेवताना मी ते सगळ्यांना सांगितलं. अण्णांनी ताटातला हात थांबवला आणि म्हणाले, "घेऊ." आई म्हणाली, "घेऊ. मुहूर्तावर."

तयार कॉम्प्युटर एकदम घ्यायचा म्हणजे आमच्या आवाक्याबाहेर होता. सुटे भाग आणून जोडला तर स्वस्त पडतो असं सगळे सांगायचे. तेव्हा ठरलं असं की ज्या सणाला फुलं जेवढी देतील तेवढा भाग घ्यायचा. मी लायब्ररीतून कॉम्प्युटरची मासिकं आणली. त्यांत प्रत्येक भागाला गुण दिलेले असायचे. कुठला प्रोसेसर चांगला, कुठलं कार्ड चांगलं. मी वाचायचे आणि दादा ऐकायचा. आधी काय घ्यायचं यावर त्याचं मत पक्कं होतं. "आधी इंजिन. चेसी मागून बघू. इंजिन चांगलं असलं की गाडी उभी राहतीच."

दसऱ्याला झेंडूला भाव बरा मिळाला. बाजार आटोपून दुपारी आम्ही कॅनडा कॉर्नरच्या एका दुकानातून प्रोसेसर आणला. आईनं त्याला हळदकुंकू लावलं, सोन्यासोबत देवघरात ठेवला आणि तो तिथलाच झाला. दिवाळीच्या पाडव्याला मॉनिटर आणि रिकामं कॅबिनेट आलं. मॉनिटरवर आईनं क्रोशाचा रुमाल घातला. वीज न लावलेल्या त्या काचेत दादा आपला चेहरा बघत बसायचा, थोडी मान डावीकडे, थोडी उजवीकडे. चेहरा कडेनं किती कापला गेलाय ते मोजत असावा. गुढीपाडव्याला ग्राफिक कार्ड. पडद्यावर चित्र नीट उमटवतं ते कार्ड. मासिकात सगळ्यांत जास्त गुण असलेलं, नुकतंच बाजारात आलेलं. हे दुसऱ्या दुकानातून घेतलं, कारण तिथं स्वस्त होतं. प्रत्येक दुकानदाराला आम्ही फक्त त्याच्या वस्तूचं विचारलं आणि प्रत्येकानं आपापल्या वस्तूचं खरं तेच सांगितलं.

लग्न जमवताना आमच्याकडे मुलाचे आणि मुलीचे गुण वेगवेगळे मोजत नाहीत, दोघांच्या पत्रिका शेजारी ठेवून जुळवतात. हे एवढं साधं, पण कॉम्प्युटरच्या बाबतीत आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. तो आखाजीचा दिवस मला लख्ख आठवतो. आता फक्त मदरबोर्ड आणि रॅम राहिली होती. मदरबोर्ड म्हणजे ज्याच्यावर बाकी सगळं बसतं तो. दादाची चेसी, गाडीचा सांगाडा.

दादा आणि मी सगळे खोके पिशवीत घालून कॅनडा कॉर्नरला गेलो. दुकानदार तिशीतला, कपाळाला गंध, बोलायला गोड. तो सगळं दादाशी बोलायचा. "सर, हे बघा. सर, हा कसा वाटतो?" दादा त्याच्या आवाजाकडे तोंड करून हसायचा आणि उत्तरं मी द्यायचे. दुकानदारानं नवा बोर्ड काढला, देवघरातला खोका उघडला, आणि थांबला. आमच्या प्रोसेसरच्या पोटाला बारीक पिना होत्या. बोर्डावर त्या शिरायला भोकंच नव्हती.

"हे जुनं झालं, ताई. आता बिनपिनांचे येतात."

"वापरायच्या आधीच?" मी विचारलं.

"या लाइनीत असंच असतं." मग त्यानं माळ्यावरून धूळ झटकत एक जुना बोर्ड काढला. त्यात प्रोसेसर छान बसला. माझा जीव भांड्यात पडतोय तेवढ्यात त्यानं आमचं कार्ड हातात घेतलं. जुन्या बोर्डाची खाच वेगळी होती. नवं कार्ड त्या खाचेत जाईना.

"म्हंजे इंजिन जुन्या चेसीचं आन् गिअरबॉक्स नव्या चेसीचा," दादा म्हणाला. इतक्या शांतपणे म्हणाला की मला त्याचा राग आला.

मी प्रोसेसर परत घ्या म्हणून हुज्जत घालायला लागले. दुकानदारानं खोका उलटसुलट करून पाहिला. हळदीचे पिवळे पट्टे, कुंकवाचे ठिपके, एका कोपऱ्याला सुकलेल्या पाकळीचा डाग. "ताई, हळदकुंकू लावलेला माल कंपनी परत घेईल का, तुम्हीच सांगा." असं म्हणून त्यानं खोक्याला हात लावून छातीला लावला आणि आदरानं माझ्या हातात दिला. हसावं की त्याच्या गंधावर पाणी ओतावं, मला कळेना.

जुन्या खाचेचं कार्ड त्याच्याकडे तेव्हा नव्हतं, मग त्यानं एक मधला मार्ग सांगितला. जुन्या बोर्डाच्या पोटात चित्राची थोडीफार सोय असते. कार्ड न लावता तो तसाच चालेल. साधे, जुने गाड्यांचे गेम आरामात खेळता येतील. "फक्त तुम्ही म्हणताय तो नाही चालणार." दादानं मान हलवली. "मग काय उपयोग?" मलाही तेच वाटलं. इतके महिने थांबून पुन्हा कॅफेतलाच खेळ खेळायचा? उद्या-परवा चौकशी करून ठरवू, असं म्हणून आम्ही खोके पिशवीत भरले. बाहेर ऊन कलत होतं. अंधार पडायच्या आत त्याला घरी न्यायचं होतं.

आई ओट्यावर हार ओवत होती. काय आणलं, म्हणाली. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, उद्या जाऊन दुसरं कार्ड बघते.

"उद्या नाय. आखाजी झाली. आता दसऱ्याला."

"दसऱ्याला? म्हणजे पाच महिन्यांनी?"

"दसऱ्याला," ती म्हणाली.

"तोपर्यंत त्याला दिसेल का?" मी ओरडले. दादा अंगणात हातपाय धूत होता. त्याला ऐकू गेलंच. पाण्याचा आवाज थांबला. आईची सुई फुलात तशीच राहिली. मग तिनं ती पलीकडून ओढून घेतली. "दिसंल," ती म्हणाली. त्यानंतर कितीतरी दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलत होते.

तो पावसाळा वाईट गेला. दादा घरातल्या घरात भिंतीला बोटाची पेरं लावून चालायला शिकला. समोर ठेवलेला चहा त्याला दिसायचा, बशी दिसायची नाही. एक एक करून कडेची माणसं त्याच्या जगातून जात होती. त्याच्याशी बोलायचं तर अगदी समोर जाऊन उभं राहायला लागायचं. गणपतीत आरतीला तो मूर्तीच्या नेमका समोर उभा राहिला, कारण तेवढीच जागा त्याला उरली होती. कॉम्प्युटरचं नाव त्यानं काढलं नाही. ते मला जास्त लागायचं.

मग पितृपक्ष आला. आजोबांच्या तिथीला आईनं खीर, वडे, कढी असं सगळं केलं. कावळ्याचं पान गच्चीवर ठेवायचं काम दादा लहानपणापासून करायचा, म्हणून तोच घेऊन गेला. आई आणि मी त्याच्या मागे पाण्याचा तांब्या घेऊन जिन्यात होतो. गच्चीला एका बाजूनं कठडा होता, दुसऱ्या बाजूनं बांधायचा राहिला होता. दादानं वाकून पान ठेवलं, अगदी प्रेमानं, दोन्ही हातांनी, आणि जमिनीवर म्हणून ठेवलं ते गच्चीच्या बाहेर, मोकळ्या हवेत. पान खाली गोठ्यात जाऊन पडलं. दादाचा एक पाय अगदी कडेवर होता. आई हाक मारू शकत नव्हती, तो दचकला असता. तिनं तांब्या खाली ठेवला, हळूच गेली आणि त्याचा सदरा मागून मुठीत धरला.

"ठेवलं गं," दादा म्हणाला.

"बरं केलंस बाळा," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेणी घालत होते. आई लुगडं बदलून दारात येऊन उभी राहिली. "चल. तुझं ते काय राहिलंय कांप्युटरचं, ते आणू."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "आई, पितृपक्ष आहे."

"ठावं हाय मला."

"दसऱ्याला दोनच आठवडे राहिलेत. आता थांब."

"दोन आठवडे कुणी पाह्यलेत?" ती म्हणाली आणि चपला घालायला लागली.

दुकानात चिटपाखरू नव्हतं. पितृपक्षात नसतंच. गंधवाला दुकानदार आईला बघून उठला. "मावशी, थोडं थांबा ना. दसऱ्याला बरं पडेल तुम्हाला."

"भाऊ, तुम्ही द्या," आई म्हणाली. तिला पहिल्यांदाच मी इतक्या घाईत पाहिलं. त्यानं माळ्यावरचा तोच जुना बोर्ड काढला, त्याच्या खाचेत बसेल असं एक जुन्या प्रकारचं कार्ड शोधलं आणि रॅम दिली. आमचं महागाचं नवं कार्ड तसंच पडून राहणार होतं. आईनं एकच विचारलं, "आता समदं एकमेकाला जुळतंय ना?" जुळतंय, म्हणाला. तिनं कमरेची पिशवी सोडली. मग बोर्डाच्या खोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि ते हात आपल्या दोन्ही डोळ्यांना लावले. बराच वेळ. ओठ हलत होते. मला वाटलं, सवयीनं नमस्कार करतेय. या वेळी हळदकुंकू मात्र लावलं नाही.

दुकानदारानं संध्याकाळपर्यंत सगळं जोडून दिलं. घरी पोचल्यावर वायरी लावल्या, बटण दाबलं आणि कॅबिनेटमधला पंखा गरगरला. अण्णा टॉर्च धरून उगाचच मागच्या बाजूला उजेड पाडत होते. खेळाची सीडी मी गुढीपाडव्यालाच आणून ठेवलेली. दादा खुर्चीत बसला. त्यानं गाडी निवडली. इंजिन, चाकं, रंग, दिवे, सगळं मला विचारून विचारून, चवीनं केलं. पांढरी गाडी, निळे पट्टे. मग शर्यत सुरू झाली.

त्या खेळात रात्रच होती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत रात्रच. ओला काळा रस्ता, काळ्या इमारती आणि दूरवर चमकणारे दिवे. मासिकातल्या चित्रात ती रात्र किती देखणी दिसायची. आम्ही ते चित्र वर्षभर पाहिलं, पण ती रात्र आहे हे आमच्यातल्या कुणाच्या ध्यानात आलं नाही. दादाची गाडी पहिल्याच वळणाला भिंतीला घासली. मग दुसऱ्या बाजूच्या. मग ती एका कोपऱ्यात अडकली आणि तो तरीही गाडी पुढे दाबत राहिला. त्याला वाटत होतं आपण चालतोय.

आई त्याच्या खुर्चीमागे उभी होती. "दिसतं ना रे?"

"दिसतं ना. लय भारी हाय," दादा म्हणाला. "इंजिन मस्त ओढतंय." आणि हसला. त्यानं ती शर्यत शेवटपर्यंत खेळली. आई समाधानानं दिवा लावायला आत गेली, तेव्हा त्यानं की-बोर्डवरून हात उचलले आणि मांडीवर ठेवले. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सांगू नको तिला."

दुसऱ्या दिवशी मी सायबर कॅफेत गेले आणि तो जुना, उन्हातला खेळ मागून आणला. घाटरस्ता, समुद्र, लाल गाडी. तो आमच्या कॉम्प्युटरवर बिनतक्रार चालला. मी मुद्दाम कार्ड काढून ठेवूनही पाहिलं. तरी चालला. म्हणजे आखाजीला, त्या दुकानदारानं सांगितलं तेव्हाच चालला असता. कुणाचा टाकाऊ कॉम्प्युटर आणला असता तरी चालला असता. पाच महिन्यांचं ऊन आम्ही एका रात्रीसाठी घालवलं. हे मी दादाला सांगितलं नाही. त्याला कळलं नसेल असं मला वाटत नाही.

तो खेळ त्यानं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत खेळला. मी शेजारी बसून क्लीनरसारखी सांगायचे, डावीकडे घे, पुढे वळण आहे. आधी फक्त वळणं सांगायला लागायची, मग समोरच्या गाड्याही. एका दुपारी त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली, म्हणजे त्याला कडेला वाटली तिथं, आणि म्हणाला, "आता तू चालव. मी आवाज ऐकतो." मी चालवली. "दुसरा गिअर लय ओढतेस," तो म्हणाला. त्यानंतर त्या खुर्चीत तो बसला नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. कॉम्प्युटर भंगारात गेला. अण्णा गेले. दादा फूलबाजारात गाळ्यावर बसतो, फूल हातात घेऊन कालचं की आजचं ते सांगतो. माझं लग्न झालं, तरी दसऱ्याला मी माहेरी जाते, कारण हात कमी पडतात.

मध्यंतरी गावात डोळ्यांचं शिबिर होतं, म्हणून आईला घेऊन गेले. ती सत्तरीला आलीय. तपासणारी डॉक्टर तरुण मुलगी होती. ती कौतुकानं म्हणाली, "आजी, या वयात इतकी स्वच्छ नजर! मोतीबिंदूसुद्धा नाही. नशीबवान आहात." आई खुर्चीतच रडायला लागली. त्या मुलीला वाटलं आनंदानं रडतेय, तिनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

परतताना रिक्षात आईनं सांगितलं. "त्या दिवशी दुकानात मी पितरांना म्हटलं व्हतं. पंधरवड्यात वस्तू घेतेय, काय घ्यायचं ते माझं घ्या. माझे दोन्ही घ्या, त्याचे राहू द्या." मग पदर नाकाला लावून म्हणाली, "नाय घेतले."

मला तिला समजवायचं होतं. मी म्हटलं, "आई, हा आजार बायकांना होतच नाही गं. तुझे डोळे जाणारच नव्हते."

"ठावं हाय," आई म्हणाली. "डॉक्टरनं सांगितलं तवा मी तिथंच बसले व्हते ना. माझ्या रक्तातून आलं म्हणून. म्हणून तर म्हटलं व्हतं, माझे घ्या."

मी तिचा हात धरून बसले. ज्या अडाणीपणाचा मी इतकी वर्षं राग केला, त्याच्या आडोशाला ती कशी बसली होती ते मला तेव्हा समजलं.

दसऱ्याला ओट्यावर झेंडूचा ढीग पडतो. हार दादा ओवतो, हातांनी चाचपत, आमच्या सगळ्यांपेक्षा वेगानं. सुईत दोरा तेवढा आई घालून देते. बिनचष्म्याची, पहिल्याच खेपेला. सुई त्याच्या बोटांत ठेवते आणि तोंड फिरवून डोळे पुसते. त्याच्यासमोर तोंड फिरवायची खरं तर काही गरज नसते.